पहिलं हरीण : आपापला अनुभव लिहा

देवराष्ट्रेकर

आमचं शिवार सागरेश्वरच्या कुंपणाजवळ आहे. वृक्षमित्र धो. म. मोहिते आणि त्यांच्या सोबतच्या माणसांनी बोडक्या डोंगरावर झाडं जगवली, १९८५ साली तिथे अभयारण्य झालं, आणि जेमतेम अकरा चौरस किलोमीटरच्या त्या जागेत चितळं-सांबरं अशी वाढली की आता रात्री ती आमच्या मक्यात असतात. हरीण म्हटलं की आमच्याकडे माया आणि वैताग एकदमच येतो.

परवा माझ्या मामेभावाचा मिशिगनहून फोन आला. त्याने तिथे रीतसर परवाना काढून आयुष्यातलं पहिलं हरीण मारलं. बराच वेळ बोलला, पण त्यात बंदुकीचं बोलणं अगदी थोडं. बाकी सगळं गोळी सुटल्यानंतरचं. ते ऐकून वाटलं, हे लिहिलं गेलं पाहिजे. आणि सातारा-सांगलीत प्रत्येक घरात कुणाचं ना कुणाचं पहिलं हरीण असणारच. कुणी पाहिलेलं, कुणी वाचवलेलं, कुणाच्या आजोबांनी मारलेलं. तेही येऊ द्या.

अट एकच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. ‘आमच्या पोरांनी परवा रात्री...’ असल्या गोष्टी इथे नकोत.

वाळवेकर, मुक्काम मिशिगन

दादांनी विषय काढलाच आहे तर मीच सुरुवात करतो.

वाळवा तालुक्यात वाढलो, पण गावाकडे बंदूक कधी हातात धरली नव्हती. इथे कंपनीत माझ्याबरोबर एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांनी शिकवलं. आधी सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो, त्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय नवख्याला स्वतःचा परवाना मिळत नाही. पहिला धडा असा की बंदूक रिकामी आहे हे माहीत असलं तरी ती भरलेलीच आहे असं धरून चालायचं. दुसरा, जनावराच्या मागे काय आहे हे दिसत नसेल तर घोड्याला बोट लावायचं नाही. मग हरणाच्या शरीराची चित्रं. काळीज आणि फुप्फुसं पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या भागात. जनावर आडवं उभं असेल तरच बार टाकायचा. तोंड आपल्याकडे असेल तर थांबायचं. पाठ असेल तर सोडून द्यायचं.

इथला बंदुकीचा हंगाम १५ ते ३० नोव्हेंबर. अंगात भडक नारिंगी जाकीट सक्तीचं, माणसाने माणसाला ओळखावं म्हणून. थंडी इतकी की श्वास सोडायचा तर खाली तोंड करून, वाफ दिसू नये. एका शेताच्या कडेला, ओकच्या झाडांत बसलो होतो. उजाडल्यावर बऱ्याच वेळाने एक मादी आली. पांढऱ्या शेपटीची जात, आपल्या चितळापेक्षा अंगाने भरलेली. पिल्लू बरोबर नव्हतं. ती दोनदा थांबली, मान वर करून वारा घेतला. माझ्या कानात फक्त माझ्याच रक्ताचा आवाज. ती आडवी झाली तेव्हा मी घोडा ओढला. ती उसळली आणि झाडीत पळाली.

मला वाटलं होतं, मारलं की पडतं. तसं नसतं. काळजात लागलेलं हरीणही शे-दीडशे पावलं पळू शकतं. मी उठायला लागलो तर बरोबर बसलेल्या त्या गृहस्थांनी खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. अर्धा तास हलायचं नाही. लगेच मागे गेलं तर जखमी जनावर भीतीने आणखी लांब जातं, कुठेतरी एकटं तडफडत मरतं आणि सापडतही नाही. तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. ती कुठे असेल, जिवंत असेल का, एवढंच डोक्यात.

मग रक्त शोधत गेलो. रक्त वाचायचं असतं. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुसात लागलंय, जनावर जवळच पडलेलं असणार. काळपट लाल असेल तर यकृत, आणखी थांबायचं. त्यात हिरवट, चारा मिसळलेलं काही दिसलं तर पोटात लागलंय, मग तासन् तास वाट पाहावी लागते आणि ती सगळ्यात वाईट. आमचं गुलाबी होतं. ती वाळक्या पानांत कुशीवर पडली होती. डोळा उघडा. त्याला काडी लावून पाहायची, पापणी हलली नाही तर संपलं. मी तिच्या मानेवर हात ठेवला. अंग ऊन होतं. मला आनंद झाला होता आणि घसा दाटून आला होता, दोन्ही खरं आहे. यातलं एक लपवून सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

पुढचं काम लगेच. परवान्याची चिठ्ठी त्याच जागी जनावराला बांधायची, महिना, तारीख, नर का मादी ते खुणावून. ७२ तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवायचं. आणि पोट तिथल्या तिथे साफ करायचं, नाहीतर मांस बिघडतं. लहानपणी जत्रेला बोकड कापताना पाहिलंय, पित्त फुटू नये म्हणून किती जपतात ते माहीत होतं. मी आत हात घालून यकृताला चिकटलेली पित्ताची पिशवी शोधत बसलो. ती सापडेच ना. ते म्हणाले, हरणाला ती नसतेच.

डोकं तपासणीला दिलं. इथल्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग पसरतोय, मिशिगनच्या जंगलात तो २०१५ मध्ये पहिल्यांदा सापडला. अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये बंद. अहवाल चांगला आला. मांस विकायला बंदी आहे. खायचं, नाहीतर वाटायचं.

वाळवेकरांची मंडळी

स्वयंपाक मी केला, तर तेवढं मी लिहिते. या मांसाला चरबी नावालाही नाही. वर पांढरी चिवट पातळ झिल्ली असते, ती सुरीने सोलून काढली नाही तर कितीही शिजवा, रबरच राहतं. मांडीचं मांस दह्यात आणि आलं-लसणात रात्रभर ठेवलं. आईने पाठवलेला कांदा-लसूण मसाला, भाजलेलं खोबरं, थोडे तीळ, आणि मंद आचेवर बराच वेळ. मटणापेक्षा रंग काळा. वास उग्र येईल असं वाटलं होतं, आला नाही. ज्यांनी शिकवलं त्यांना जेवायला बोलावलं. ते भाकरीचा तुकडा मोडून रस्सा पुसून खात होते, मला फार बरं वाटलं. ह्यांनी पहिला घास घेण्याआधी हात जोडले. आमच्याकडे जेवताना कुणी तसं करत नाही.

वाईकर

मी माळकरी घरातला, तेव्हा माझं म्हणणं अंदाजाने कळेलच. वाळवेकर, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, पण प्रश्न विचारतोच. दुकानात मांस मिळतं, पोट भरायची अडचण नाही. मग जिवंत जनावर मारायचंच कशाला?

वाळवेकर, मुक्काम मिशिगन

विचारलंत ते बरं केलंत, काका. एक उत्तर इथल्या परिस्थितीचं. आमच्या भागात लांडगे राहिले नाहीत. हरणं बेसुमार वाढतात, जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात आणि रस्त्यावर गाड्यांखाली येतात, दरवर्षी हजारोंनी. परवान्याच्या पैशातून वनखात्याचं काम चालतं. शिवाय १९३७ पासून इथे बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी खर्च होतो. दुसरं उत्तर माझं स्वतःचं. इतकी वर्षं मी मांस खातोय, मारणारा दुसराच कुणीतरी असायचा. एकदा ते माझ्या हातून व्हावं, मला ते झेपतं का ते कळावं, असं वाटत होतं. तुम्हाला हे पटणार नाही आणि पटावं असा आग्रह नाही.

कोयनाकाठ

माझं वय आता सत्तरीपार. लिहून देतोय नातू.

आमचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं आणि आम्ही वर डोंगरात सरकलो. आमच्या आबांकडे पीक राखायच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीत दारू घालायची, चिंध्या ठासायच्या, मग गोळी, मग पुन्हा चिंधी, आणि मागे टोपी बसवायची. एक बार झाला की पुन्हा भरायला एवढा वेळ लागे की दुसरा बार नाहीच असं समजायचं. म्हणून आबा घाई करत नसत. एवढ्या जवळ येऊ देत की डोळा दिसावा.

मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९६६ ला, नाचणी पिकली होती तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा बरोबर बसवलं. वारा तोंडावर घेऊन बांधाच्या आड बसलो. भेकर आलं. भेकर तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो, शेळीएवढं, तांबूस, आणि घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. आबांनी बंदूक उचलली आणि परत खाली ठेवली. मादी गाभण होती. ती नाचणी खात राहिली, आम्ही बघत राहिलो. घरी आल्यावर आजी रागावली, पिकाचं नुकसान झालं म्हणून. आबा काही बोलले नाहीत.

नंतर त्या हंगामात नर मारला. मारणाऱ्याला मुंडी आणि एक फरा, बाकीचे वाटे सारखे, विधवेच्या घरीसुद्धा एक वाटा जायचा. पण मला आठवतं ते ते मांस नाही. आबांनी खाली ठेवलेली बंदूक आठवते. कायदा आल्यावर आबांनी शिकार सोडली, बंदूक पोलिसांत जमा केली. पोरा, तुझा तो अर्धा तास वाचला आणि आबांची आठवण झाली. ते पण बार झाला की विडी ओढत बसायचे, विडी संपल्याशिवाय उठायचे नाहीत.

शिराळ्याचा

मी फक्त पाहिलेलं. चांदोलीत, बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या गणनेत मचाणावर बसायला मिळालं होतं. रात्र सरत आली तरी डुकरं आणि साळिंदर सोडून काही नाही. मग सांबर आलं, मोठा नर. पाण्याच्या अलीकडे इतका वेळ उभा राहिला की माझ्या पायाला मुंग्या आल्या. बरोबरच्या वनरक्षकाने कानात सांगितलं, तो पाणी प्यायला आलाय, पण मरायला आलेला नाही. प्यायला तेव्हा घुटके ऐकू येत होते. पाठीशी कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि त्या वाघाचं अन्न हे, हे त्या रात्री डोक्यात शिरलं.

पशुवैद्य, कडेगाव

वाळवेकर, तुमच्या पित्ताच्या पिशवीबद्दल. चितळ, सांबर, तुमचं पांढऱ्या शेपटीचं, ही खरी हरणं, दरवर्षी शिंगं गाळणारी. यांना पित्ताशय नसतं. काळवीट, चिंकारा, चौशिंगा यांना असतं, कारण ती गाई-शेळ्यांच्या कुळातली, आणि त्यांची शिंगं कायमची. तुम्ही शोधलंत ते बरोबरच होतं, शेळीचा अनुभव तोच सांगतो.

माझं पहिलं हरीण विहिरीतलं. चितळाचा तरणा नर, कुत्री मागे लागली आणि पडला. लोकांनी दोर लावून वर काढला तेव्हा त्याला खरचटलंही नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत होते, मोबाइल तोंडासमोर, मुलं हात लावत होती. मी डोळ्यांवर कापड बांधलं, गर्दी हटवा म्हणून ओरडत राहिले. अंग तापलेलं, श्वास धापांचा. संध्याकाळी लघवी कॉफीच्या रंगाची झाली तेव्हा मला कळलं. जिवाच्या भीतीने पळून, धडपडून त्याचे स्नायू आतून विरघळायला लागतात, तो कचरा मूत्रपिंडात अडकतो. औषधं दिली, सलाइन लावलं. तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. वनखात्याच्या लोकांसमोर शवविच्छेदन केलं आणि जाळला, शिंगांसकट. जंगलात गळून पडलेलं शिंगसुद्धा घरी नेता येत नाही, हे इथे लिहून ठेवते, कारण दिवाणखान्यात टांगायला मागणारे भेटतात.

त्या नराला गोळी लागली नव्हती. माणसांच्या कौतुकाने तो मेला, असं मी आजही म्हणते.

माणदेशी

ताई, अंगावर काटा आला. आमच्या आटपाडीकडे माळावर काळविटं दिसतात, पोरं मोटारसायकली मागे घालतात, व्हिडिओ काढायला. हे त्यांना वाचून दाखवणार आहे.

देवराष्ट्रेकर

डॉक्टर, एक विचारतो. मक्याच्या काढणीला कधी कधी पाडस सापडतं. बायका कनवाळूपणाने घरी आणतात, दूध पाजतात. काय करायचं?

पशुवैद्य, कडेगाव

आणायचं नाही. आई त्याला मुद्दाम दडवून चरायला जाते आणि परत येते. निपचित पडलेलं दिसतं म्हणून ते अनाथ नसतं. हात लावू नका, त्या पट्ट्यातली काढणी थोडी थांबवा, माणसं लांब उभी करा, कुत्री बांधून टाका. गाईचं दूध पाजू नका, हगवण लागते आणि त्यातच जातं. संध्याकाळपर्यंत आई आली नाही किंवा पाडस जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि ते येईपर्यंत फोटो काढायला सुद्धा जवळ जाऊ नका.