मदत हवी आहे: नेफ्रोटिक सिंड्रोम असलेल्या मुलाच्या पायात रक्ताची गुठळी

मुलगा 9 वर्षांचा. नेफ्रोटिक म्हणजे किडनीतून लघवीत प्रोटीन गळण्याचा आजार. रिलॅप्स आला (आजार उलटला) की डोळ्यांभोवती सूज, लघवीच्या पट्टीवर प्रोटीन 3+, मग स्टिरॉइड, हे आम्हाला आता पाठ आहे. या वेळी मात्र डावी पोटरी उजवीपेक्षा जाड दिसायला लागली, हात लावला तर गरम, आणि पाय टेकवेना. एरवी सूज दोन्ही पायांना सारखीच येते, म्हणून लगेच दाखवलं. डॉपलर सोनोग्राफीत मांडीच्या शिरेत गुठळी निघाली. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) 1.4 इतकं कमी होतं, त्याआधी जुलाबही झाले होते. रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिन इंजेक्शनचा डोस दोनदा वाढवावा लागला. आता त्याच कामाची वॉरफरिन गोळी चालू आहे.

किडनीच्या आजारात गुठळी का होते? गोळी किती महिने? आणि क्रिकेट, सायकल पूर्ण बंद का? तो ऐकायला तयार नाही.

प्रतिसाद १
लघवीतून नुसतं अल्ब्युमिन जात नाही, रक्त गोठू न देणारं अँटीथ्रॉम्बिनही जातं. भरपाई म्हणून यकृत प्रोटीन जोरात बनवायला लागतं, त्यात गुठळी बांधणारं फायब्रिनोजेनही वाढतं. वर जुलाबांनी रक्त घट्ट होतं. हेपॅरिनचं कामच अँटीथ्रॉम्बिनच्या आधारावर चालतं. तेच कमी असेल तर डोस वाढवावा लागतो. आमच्या डॉक्टरांनी गोळी किमान तीन महिने आणि लघवी स्वच्छ होईपर्यंत ठेवली. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी रक्ततपासणी) 2 ते 3 मध्ये हवा. अल्ब्युमिन बदललं की तोही हलतो, तेव्हा तपासणी चुकवू नका. तापाला आयब्युप्रोफेन नको, किडनीलाही नको आणि रक्तस्रावाचीही भीती. सूज उतरवायची गोळी मनाने तर मुळीच वाढवू नका.

प्रतिसाद २
आमच्या मुलीला गुठळी मेंदूच्या शिरेत होती. डोकेदुखी आणि उलट्या; घरात सगळे म्हणाले, स्टिरॉइडची ॲसिडिटी. रिलॅप्समध्ये असं काही, झटका, गुंगी, धाप, किंवा कुशीत दुखून लाल लघवी झाली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच न्या. रक्त काढायला आले की रिलॅप्स चालू आहे हे आधीच सांगा, जांघेतल्या शिरेतून शक्यतो घेऊ नये.

धागाकर्ता
हेपॅरिनचं कोडं सुटलं, दोघांचेही आभार. पुढच्या रिलॅप्सला अल्ब्युमिन 2 च्या खाली गेलं तर गुठळी नसतानाही रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू करतात का, हे उद्या विचारणार आहे. क्रिकेटचं मात्र कोणीच बोललं नाही! वॉरफरिनवर असताना कोणाच्या मुलांना डॉक्टरांनी टेनिस बॉलने खेळू दिलं होतं का?