ताईच्या ब्रेस्ट कॅन्सरमागे आनुवंशिक दोष निघाला. आजार पसरणंही वारशानेच येतं का? मदत हवी आहे

नमस्कार. मी नाशिकला असते, माहेर निफाड तालुक्यातलं. थोडं लांबेल, पण वाचा ही विनंती.

माझ्या ताईला (वय 43) मार्चमध्ये डाव्या स्तनात गाठ लागली. ऑपरेशन झालं, केमो संपत आली आहे. सुरुवातीला फॉर्म भरताना फक्त आईच्या माहेरचं विचारलं, आम्ही ‘कुणाला नाही’ सांगून मोकळे झालो. आमची आत्या 46व्या वर्षी छातीच्या गाठीनेच गेली होती. पण ती लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली, तिचा आजार आमच्या घरात मोजायचा असतो हे सुचलंच नाही.

पुढे समुपदेशक बाईंनी कागदावर वंशावळ काढली. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. आत्याचा गोल पेनने काळा केला, मग ताईचा. मधे बाबांचा चौकोन कोरा. “दोष इथूनच खाली आलेला दिसतो,” त्या म्हणाल्या. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि घरी येईपर्यंत बोलले नाहीत. ताईच्या तपासणीत बीआरसीए-2 जनुकात दोष निघाला, नंतर बाबांच्याही. माझी शक्यता निम्मी. मागच्या सोमवारी रक्त देऊन आले.

आता नातेवाईक म्हणतात, आनुवंशिक आहे म्हणजे पसरणारच. हे मला पटत नाही. 2018 साली ब्रिटनमधल्या 2733 तरुण रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बीआरसीए दोष असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या जगण्यात फरक दिसला नाही. दोषामुळे आजार होण्याचा धोका वाढतो, पण झाल्यावर तो जास्त घातक ठरतोच असं नाही, असा अर्थ मी लावला. बरोबर आहे ना?

दुसरीकडे, 2024च्या शेवटी रॉकफेलर विद्यापीठाचं संशोधन आलं. पीसीएसके9 या कोलेस्टेरॉलशी संबंधित जनुकाचा जन्मजात मिळणारा एक अगदी सर्रास आढळणारा प्रकार कॅन्सर पसरायला मदत करतो म्हणे. स्वीडनच्या रुग्णांमध्ये 15 वर्षांत दूरच्या अवयवांत पसरण्याचं प्रमाण त्या प्रकाराच्या दोन्ही प्रती असलेल्यांत 22 टक्के, इतरांत 2 टक्के. आमच्याकडे द्राक्षबागेत डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, थॉमसन द्राक्षाची काडी भरतात, म्हणजे कलम करतात. काडी तीच, पण बाग कशी चालेल ते खुंटावरही असतं. तसंच हे असावं. ताईसाठी ही तपासणी करून घ्यावी का?

आणि सगळ्यात मोठी अडचण आतेभावाची. त्याला दोन मुली आहेत. तो म्हणतो, “मी पुरुष, मला काय होणार? गोडी छाटणी उरकली की बघू.” त्याला कसं समजवू?

प्रतिसाद

ताईंना लवकर आराम पडो. माझ्या घरीही बीआरसीए-2च आहे, म्हणून लिहिते.

तुमचा अर्थ बरोबर आहे. उलट दोष कळल्याचा फायदाही होतो. आजार परतण्याचा धोका जास्त असेल तर अशा रुग्णांना केमोनंतर ओलापॅरिब गोळ्या देतात, त्याने परतण्याचं प्रमाण कमी झाल्याचं 2021 मध्ये दिसलं. ताईंना लागू आहे का, हे ऑन्कोलॉजिस्टना आवर्जून विचारा.

पीसीएसके9च्या मागे आत्ता लागू नका. त्यावर ठरणारा उपचार अजून नाही. कोलेस्टेरॉलचं औषध देऊन पसरणं कमी झालं ते उंदरांत, आणि आकडे स्वीडनचे आहेत.

आतेभावाला सांगा, बीआरसीए-2मुळे पुरुषांना प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचाही कॅन्सर होतो. त्याच्यात दोष असेल तर प्रत्येक मुलीची शक्यता निम्मी. ताईंच्या रिपोर्टची प्रत त्याच्याकडे द्या. नेमका तोच बदल शोधायचा असल्याने तपासणी सोपी आणि बरीच स्वस्त होते. मुंबईत टाटा मेमोरियलमध्येही जनुकीय समुपदेशन मिळतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. त्या बदलाचं नाव रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर आहे, आत्ताच बघितलं. झेरॉक्स काढून रविवारी निफाडला जाते. बाबाही येतो म्हणाले, भाच्याशी तेच बोलणार आहेत.