मदत हवी आहे: 14 वर्षं अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), आता पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी) करावं का?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात मी अधिपरिचारिका आहे. शिक्षण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), वय 38.

पगाराचं रडगाणं नाही, आधीच सांगते. 10 वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेचा (बढती नसली तरी वरची वेतनश्रेणी) पहिला लाभ मिळाला, हप्ते भागतात. पगार वाढला, काम तेच राहिलं. परिसेविकेची (वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरची) जागा सेवाज्येष्ठतेनं येणार, आणि यादीत माझ्या आधी किती जणी आहेत ते मोजणं मी केव्हाच सोडलं.

खरी गोची वेगळी आहे. कपाशी-सोयाबीनच्या दिवसांत आमच्याकडे सापाच्या नि फवारणीच्या केसेस येतात. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं आपला जिल्हा देशभर गाजला, तेव्हाही मी इथंच होते. अ‍ॅट्रोपिन (या विषावरचा उतारा) सुरू असताना बाहुल्या, नाडी, छातीतली घरघर बघत रात्री काढल्या. मण्यारीचा दंश तर धड दिसतही नाही. माणूस 'पोट दुखून रायलं जी' म्हणत येतो आणि पहाटेपर्यंत त्याच्या पापण्या मिटायला लागतात. हे आता नजरेला कळतं. बाँडवर (सक्तीच्या सरकारी सेवेसाठी) नवीन डॉक्टर आले की सुरुवातीला 'सिस्टर, तुम्ही काय करता अशा वेळी?' असं विचारतात, मी सांगते. (पोरं चांगली असतात हो.) वर्षभरात ते पीजीला निघून जातात. मी पुन्हा साठा रजिस्टर लिहीत बसते.

मागच्या महिन्यात असाच एक पेशंट वाचला. सकाळी ड्यूटी संपवून घरी आले, चहा केला, आणि मला काहीच वाटलं नाही. तेव्हा जरा भ्याले.

नॉरसेटचं (एम्सच्या नर्स भरती परीक्षेचं) वय गेलं. सीएचओसाठी (उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकारी पदासाठी) कायम नोकरी सोडून कंत्राटावर जाण्यात अर्थ दिसत नाही. राहिलं 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. त्यासाठी नागपुरात राहावं लागेल. मुलगा आठवीत, सासूबाईंचे गुडघे गेलेले. हे म्हणतात, 'जा, मी पाहतो.' पण स्वयंपाक त्यांना खिचडीपुरताच येतो.

सेवेत असताना कुणी केलंय का? रजा पगारी मिळाली की बिनपगारी? आणि मुख्य म्हणजे, परत आल्यावर शिकवायचं काम मिळालं की त्याच वॉर्डात त्याच ट्रॉलीपाशी?

'मेडिकल कॉलेजला बदली घे' हे कृपया सुचवू नका, ते खातंच वेगळं आहे.

उद्यापासून नाईट लागलीय, उत्तरं दुपारी उठल्यावर वाचेन.