फोनचे आवाज आणि फोनमधली अ‍ॅप्स : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

नवा स्मार्टफोन हातात येतो तेव्हा त्याचे आवाज कंपनीने ठरवलेले असतात आणि बरीचशी अ‍ॅप्सही. बहुतेक घरांत ते वर्षानुवर्षे तसेच राहतात. मग बँकेचा संदेश, दुकानाची जाहिरात आणि दवाखान्यातून आलेला निरोप या सगळ्यांचा आवाज एकच असतो, आणि काही दिवसांनी माणूस कोणत्याच आवाजाकडे लक्ष देईनासा होतो. आवाज निवडण्याला आपण हौस समजतो, पण घरात वृद्ध, आजारी किंवा रात्रपाळीचे माणूस असेल तर ती गरज ठरते. अ‍ॅपचाही याच्याशी जवळचा संबंध आहे, कारण प्रत्येक नवे अ‍ॅप आपल्याला हाका मारू पाहते. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, सूचना पाठवण्याची परवानगी अ‍ॅपला स्पष्टपणे मागावी लागते आणि तिथे नकार देता येतो. आपण कोणता आवाज कोणासाठी लावला आहे, कोणते अ‍ॅप कोठून घेतले आणि कोणते नाकारले, हे सविस्तर लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे. सुरुवात साताऱ्यातून मी केली असली, तरी मला उत्सुकता आहे ती आपल्या अनुभवांची.

सांगली, गावभाग

आमचे घर कृष्णेपासून जवळ आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीकडे आमचे सतत लक्ष असते; ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आमच्या गल्लीत सर्वांना पाठ आहे. या दिवसांत पाण्याविषयीचे खरेखोटे संदेश इतके येतात की, आवाज चालू ठेवला तर झोप लागत नाही आणि बंद ठेवला तर जीव टांगणीला लागतो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचे सगळे गट आम्ही मूक केले, आणि गल्लीतल्या मोजक्या घरांचा जो गट आहे त्याला मात्र वेगळा, ठसठशीत आवाज लावला. त्या गटात पाणी आणि स्थलांतर यांखेरीज काहीही लिहायचे नाही, असे सर्वांनी ठरवून पाळले आहे.

रात्री फोन ‘व्यत्यय आणू नका’ या स्थितीत असतो. त्यातली एक सोय अनेकांना ठाऊक नसते. एकाच माणसाने पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू द्यावा, असा पर्याय तिथे असतो. शिवाय तारांकित केलेल्या संपर्कांना कायमची मुभा देता येते. माझे सासरे, कोयनानगरकडे राहणारी नणंद आणि शेजारच्या काकू या तिघांना आम्ही ती दिली आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे अ‍ॅपही घेतले असून त्याला ठिकाणाची परवानगी दिली आहे; एरवी ही परवानगी मी सहसा कोणाला देत नाही.

मिरज

आमच्या गावात तंबोरे घडतात आणि मी गाणे शिकते, त्यामुळे रिंगटोन तंबोऱ्याचीच हवी होती. ध्वनिमुद्रण करून लावली तेव्हा ती नीट ऐकूच येईना. फोनचा स्पीकर लहान असतो आणि खालचे स्वर त्याला पेलत नाहीत. खर्जाची तार जवळजवळ नाहीशीच होते. मग पंचम आणि जोडाच्या तारा ठळक वाजतात तेवढाच तुकडा कापून घेतला, फोनच्या ‘रिंगटोन्स’ या फोल्डरमध्ये ठेवला आणि तो यादीत आपोआप दिसू लागला. रियाजासाठी तंबोऱ्याचे अ‍ॅप वापरते तेव्हा फोन विमान स्थितीत टाकते, कारण मधेच कॉल आला की सूर तुटतो.

तासगाव तालुका, द्राक्षबागाईतदार

माझ्या फोनमध्ये शेतीची तीन अ‍ॅप्स आहेत : पिकाची नोंद स्वतः करण्यासाठी ‘ई-पीक पाहणी’, हवामानासाठी ‘मेघदूत’ आणि विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’. दामिनी वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिसरात वीज पडत असल्यास कळवते. बागेत माणसे काम करत असताना ती सूचना वेळेवर मिळणे फार महत्त्वाचे असते. मात्र बॅटरी वाचवण्यासाठी फोन पाठीमागे चाललेली अ‍ॅप्स झोपवतो आणि सूचना उशिरा येते. सेटिंग्जमध्ये त्या एका अ‍ॅपचा बॅटरी वापर ‘अनिर्बंध’ केला, ठिकाणाची परवानगी कायम ठेवली आणि त्याला मोठा आवाज लावला. आता वळवाच्या दिवसांत सूचना आली की मी मजुरांना लगेच पत्र्याच्या शेडमध्ये न बोलावता पक्क्या घरात नेतो.

सातारा, निवृत्त बँक कर्मचारी

मला अ‍ॅप कोठून घ्यावे याबद्दलच लिहायचे आहे. आमच्या शेजाऱ्यांना अनोळखी क्रमांकावरून लग्नपत्रिका म्हणून एक फाइल आली, आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे होती. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे थेट अ‍ॅप असते, आणि ते उघडणे म्हणजे ते फोनमध्ये बसवणे. वाहनाच्या दंडाचे चलन किंवा शेतकरी योजनेचा अर्ज यांच्या नावाखालीही अशाच फायली फिरतात. त्या अ‍ॅपने एसएमएस वाचण्याची परवानगी मिळवली की बँकेचा ओटीपी आपल्या आधी दुसऱ्याच्या हाती पडतो, आणि पुष्कळदा सूचनेचा आवाजही दाबला जातो, त्यामुळे खातेदाराला काहीच कळत नाही. शेजाऱ्यांनी फाइल उघडण्यापूर्वी विचारले, हे फार चांगले झाले.

अँड्रॉइड ८ पासून अशी बाहेरची अ‍ॅप्स बसवण्याची परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगवेगळी दिली जाते. सेटिंग्जमध्ये ‘अज्ञात अ‍ॅप्स इंस्टॉल करा’ हा भाग शोधून व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझर या दोन्हींसमोर ती बंद आहे का, हे आजच पाहावे. प्ले स्टोअरमधूनही घेताना विकासकाचे नाव वाचावे, कारण सरकारी वाटणाऱ्या नावांची खासगी अ‍ॅप्स तिथेही असतात. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा; पैसे पुढे वळवले जाण्यापूर्वी जितक्या लवकर तक्रार होईल तितकी ते अडवण्याची शक्यता अधिक असते.

कराड

आईला कमी ऐकू येते. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे किणकिणणारी रिंगटोन कितीही मोठी केली तरी उपयोग होत नव्हता. मधल्या पट्टीचा, ठेका असलेला संबळाचा तुकडा लावला आणि तो तिला स्वयंपाकघरातूनही कळू लागला. अँड्रॉइड १४ मध्ये सूचनेसोबत कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकण्याची सोय आहे, तीही चालू केली.

वाई

कराडच्या ताईंना एक सांगावेसे वाटते. आईंचा फोन पुढे कधी बदललात, तर नावे आणि क्रमांक नव्या फोनमध्ये येतील, पण प्रत्येक नावाला लावलेला आवाज बहुधा येणार नाही, कारण ती फाइल जुन्या फोनमध्येच राहते. आमच्याकडे रिंगटोनच्या फायली वेगळ्या मेमरी कार्डावर ठेवल्या आहेत आणि कोणाला कोणता आवाज, हे वहीत लिहून ठेवले आहे.