गोव्यात राहून नॅनो तंत्रज्ञान शिकता येईल का?

पालक, फोंडा

नमस्कार. माझी मुलगी भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे नॅनो पदार्थांवर (मिलिमीटरच्या लाखाव्या-दहा लाखाव्या भागाइतक्या बारीक कणांच्या पदार्थांवर) काम करायचे तिने मनाशी पक्के केले आहे. ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे, झुआरीनगरला बिट्स पिलानी आहे, २०१६ पासून गोव्यात आयआयटीही आहे. तरीही क्लीनरूम, म्हणजे हवेतले धूळकण गाळून काढलेली प्रयोगशाळा, नसेल तिथे हा विषय नुसता पुस्तकी राहतो, मुलीला मुंबईला किंवा बंगळुरूला पाठवा, असे आम्हाला सांगितले जाते. यात तथ्य किती? शिवाय इतके बारीक कण माणसाच्या शरीरात किंवा नदीत गेल्यावर काय होते, हे या अभ्यासक्रमांत शिकवतात का, असे तिच्या आईने विचारले आहे.

संशोधक विद्यार्थी, ताळगाव

काका, मुलीला नक्की काय करायचे आहे, हे आधी ठरू द्या. सिलिकॉनच्या चकतीवर ट्रान्झिस्टर किंवा संवेदक कोरायचे असतील तर क्लीनरूमला पर्याय नाही. १०० दर्जाच्या क्लीनरूममध्ये एक घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा जास्त चालत नाहीत, आणि आर्द्रताही ठरावीक मर्यादेतच ठेवावी लागते. आपल्याकडचा आषाढ आठवून पाहा: बाहेरची ओलसर हवा अहोरात्र गाळून, कोरडी करून आत सोडायची, तीही वीज न जाता, म्हणजे यंत्रांइतकाच खर्च हवेवर होतो. प्रत्येक संस्थेने अशी खोली बांधावी हे शक्यही नाही आणि शहाणपणाचेही नाही. नेमक्या याच कारणाने २००८ मध्ये बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या क्लीनरूम देशभरातील बाहेरच्या संशोधकांसाठी उघडणारा कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्यात दिल्ली, मद्रास, खरगपूर आणि गुवाहाटीच्या आयआयटीही आल्या. तिथे हाताने काम करायला शिकवणाऱ्या कार्यशाळा होतात.

झिंक ऑक्साइड, चांदी, कार्बन अशा पदार्थांचे कण तयार करायचे असतील तर मात्र साधी रसायनशाळा आणि एक चांगली भट्टी पुरते. अडते ते तपासणीपाशी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वेळ बाहेरच्या संस्थेत मिळाली की नमुन्याच्या कुप्या घेऊन रात्रीची कोकणकन्या पकडणारे माझ्या ओळखीत कितीतरी आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर कोणते उपकरण कुठे आहे ते शोधून वेळ मागता येते, हे तिने आतापासून माहीत करून घ्यावे.

रसायनशास्त्राची शिक्षिका, डिचोली

वरील उत्तर योग्य आहे, पण माझा अनुभव असा की उपकरणापेक्षा ते चालवणारा माणूस दुर्मीळ असतो. मी पूर्वी जिथे शिकवत होते तिथे एक महागडे यंत्र आले आणि तंत्रज्ञाचे पद न भरल्यामुळे दोन पावसाळे झाकून ठेवलेलेच राहिले. मुलांनी ते फक्त काचेतून पाहिले, याचे मला आजही वाईट वाटते. २००७ मध्ये केंद्राने नॅनो मिशन या नॅनो संशोधनाच्या सरकारी अभियानासाठी पाच वर्षांकरिता १००० कोटी रुपये मंजूर केले, त्यातून देशभर उपकरणे आली. परंतु त्यांची देखभाल करणाऱ्यांची नोकरी पक्की नसेल तर त्या पैशाचा निम्मा उपयोग वाया जातो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून प्रवेश घेण्याआधी मुलीने प्रयोगशाळा पाहावी आणि विद्यार्थ्यांना यंत्राला स्वतः हात लावू देतात का, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारावे.

हात लावल्याशिवाय आकडे कळत नाहीत. एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याच्या पद्धतीच्या) आलेखातील शिखराच्या रुंदीवरून शेररचे सूत्र जो आकार देते, तो स्फटिकाचा असतो. एका कणात असे अनेक स्फटिक असू शकतात. तरीही कित्येक प्रकल्प-अहवालांत तोच आकडा कणाचा आकार म्हणून बिनदिक्कत छापलेला मी पाहिला आहे.

सुरुवात बारावीलाही करता येते. सोन्याच्या क्षाराचे अगदी विरळ द्रावण उकळून त्यात सोडियम सायट्रेट घातले की काही मिनिटांत ते द्राक्षासवासारखे लाल होते. सोने लाल दिसू शकते हे पाहताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

मत्स्यविज्ञानाचा अभ्यासक, वास्को

वहिनींचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सनस्क्रीनमधले झिंक ऑक्साइड, कपड्यांतली चांदी हे सगळे शेवटी पाण्यात येते, आणि आपल्या किनाऱ्यांवर तर रोजच येते. गोड्या पाण्यात हे कण परस्परांवरील विद्युतप्रभारामुळे एकमेकांपासून दूर, तरंगत राहतात. मांडवी किंवा जुवारीच्या मुखाशी खारे पाणी मिसळले की क्षारांमुळे तो प्रभार झाकला जातो, कण एकत्र येतात आणि गाळात बसतात. त्याच गाळाजवळ तिसऱ्या हे शिंपले असतात, आणि तिसऱ्या, शिनाणे अशा शिंपल्यांचे पोट पाणी गाळूनच भरते. चांदी आणि झिंकचे आयन (पाण्यात विरघळलेले विद्युतभारित अणू) जलचरांना बाधतात, हे ज्ञातच आहे. नॅनो पदार्थ हाताळण्याविषयी नॅनो मिशनने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पण त्या वर्गात वाचून घेतल्या जातात, असे मला फारसे आढळलेले नाही. गोव्यात राहून काही करायचेच असेल तर हे काम येथे खाडीच्या काठावर जसे होईल तसे डोंगराळ प्रदेशात होणार नाही.

पालक, फोंडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाई, सोन्याच्या प्रयोगातले उरलेले द्रावण कुठे टाकायचे, असे मुलगी विचारते आहे.

रसायनशास्त्राची शिक्षिका, डिचोली

बेसिनमध्ये ओतू नये. बाटलीत साठवून वर पदार्थाचे नाव आणि तारीख लिहावी. त्यात थोडे मीठ घालून पाहायला सांगा: लाल रंग निळसर होत जाईल आणि सोने हळूहळू तळाशी बसेल. वास्कोच्या सरांनी नदीमुखाविषयी जे लिहिले, तेच तिला काचेच्या बाटलीत दिसेल.