महासत्ता नेमकी ठरते कशावर?

फोंडेकर: मुलीला वक्तृत्व स्पर्धेत हा विषय आलाय आणि घरात रणकंदन सुरू आहे. मी म्हणतो सैन्य, भावोजी म्हणतात पैसा. पण नुसतं सैन्यच असेल तर हजारो अण्वस्त्रं असलेला सोव्हिएत संघ 1991 मध्ये कोसळला कसा?

जहाजी_वास्को: आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं माझं. बंकर, म्हणजे जहाजाचं इंधन, कुठल्याही बंदरात घ्या, बिल डॉलरमध्ये. आमचा पगारसुद्धा. ज्याच्या चलनावाचून इतरांचं अडतं, त्याला दरवेळी बंदूक काढावी लागत नाही. 1956 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने इजिप्तच्या सुएझ कालव्यावर फौजा उतरवल्या. इकडे पाउंड घसरत होता, आणि अमेरिकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत अडवून धरली. ब्रिटनने निमूट गाशा गुंडाळला. लढाईत हरले नव्हते, बरं का!

डिचोलीकर: नकाराधिकार विसरलात? आपल्याच गोव्याचं घ्या. डिसेंबर 1961 मध्ये भारताने सैन्य मागे घ्यावं असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आला, तो सोव्हिएत संघाने आपल्या एकट्याच्या नकाराने उडवला. पोर्तुगाल नाटो या लष्करी गटाचा संस्थापक सदस्य, पण त्यांचा हुकूमशहा सालाझारच्या मदतीला एक जहाज आलं नाही.

फोंडेकर: म्हणजे भावोजी जिंकले?

जहाजी_वास्को: अर्धेच. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जाताना व्हीएचएफ रेडिओवर अमेरिकन युद्धनौकेचा आवाज आला की आमचा कॅप्टन चहा बाजूला ठेवून उभा राहायचा. त्यांच्याकडे 11 विमानवाहू नौका आहेत. डॉलर आणि आरमार वेगळं काढता येत नाही. मुलीला सुएझ नीट वाचायला सांगा.