घशात आवंढा अडकलाय, चिनी वैद्य म्हणतात शोकामुळे. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सिंगापूरला राहते, वय ४६. तीन महिने झाले, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. गिळून खाली जात नाही, खाकरून वर येत नाही. जेवताना मात्र काही त्रास नाही, पोळी-भात सगळं नीट उतरतं. नुसता आवंढा गिळला की ते आहेच. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनीही फरक नाही.

शेजारच्या चिनी काकू मला त्यांच्या वैद्यांकडे घेऊन गेल्या. (इथे चिनी वैद्यांना सरकारी नोंदणी लागते, यांची आहे.) त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारलं, "घरात कोणी गेलं का?"

माझे बाबा फेब्रुवारीत गेले, सांगलीला. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. मग आईला सांभाळणं, बँकेची कामं, कागदपत्रं, आणि परत आले ती थेट ऑफिसात. रडायचं राहूनच गेलं. त्या दिवशी त्या अनोळखी माणसासमोर अर्धा तास रडले.

ते म्हणाले, याला 'मेइ हे ची' म्हणतात, फळाची कोय घशात अडकावी तशी अडकलेली 'ची', म्हणजे प्राणशक्ती. 'बानश्या हौपो थांग' नावाचा काढा दिलाय.

आता माझे प्रश्न. त्यांच्या भिंतीवरच्या तक्त्यात शोक फुफ्फुसाचा, राग यकृताचा, भीती मूत्रपिंडाची, अति विचार प्लीहेचा, आनंद हृदयाचा असं होतं. मग मला ते "यकृत तुंबलंय" का म्हणाले? माझे लिव्हरचे रिपोर्ट चांगले आहेत, तरी धास्ती बसलीय. दुसरं, मी रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेते, सोबत काढा चालेल? आणि हा त्रास कुणाला झालाय का?

प्रतिसाद १

ताई, आधी बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं.

मी चीनमधल्या चेंगदूला दोन वर्षं अ‍ॅक्युपंक्चर शिकलो, तेवढ्यावरून सांगतो. त्यांचं 'यकृत' म्हणजे रिपोर्टमधलं लिव्हर नव्हे. ची सगळीकडे मोकळी वाहती ठेवणं हे जे काम, त्याला ते नाव आहे. (आपणही काळजाला लागलं म्हणतो तेव्हा खाटकाकडची कलेजी डोळ्यांपुढे नसते.) 'हुआंगदी नेइजिंग' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात म्हटलंय की रागाने ची वर चढते, भीतीने खाली जाते, शोकाने विरते आणि विचार करत राहिलं की तिची गाठ बसते. शोक व्यक्त झाला तर तो फुफ्फुसाचा. तुम्ही तो दाबून धरलात, म्हणून आधी वाहणं थांबलं, मग कफ साचला आणि दोन्ही मिळून घशात बसलं, असा त्यांचा हिशोब.

तुमचा काढा झांग झोंगजिंग या चीनच्या हान राजवटीतल्या वैद्याचा. भाजलेल्या मांसाचा तुकडा घशात असल्यासारखं वाटतं, असंच लक्षण त्याने लिहून ठेवलंय. त्यातला बानश्या हा कंद कच्चा विषारी असतो, प्रक्रिया करूनच वापरतात. दुकानातून परस्पर आणून घरी उकळू नका.

प्रतिसाद २

मी डॉक्टर आहे. आम्ही याला ग्लोबस म्हणतो. तपासण्या नॉर्मल आहेत, घास नीट उतरतोय, हे चांगलं लक्षण. मनावरच्या ताणाने हा त्रास वाढतो हे आम्हालाही मान्य आहे. ची आणि यकृताचं स्पष्टीकरण मात्र आमच्या तपासण्यांत दिसत नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबरच घ्या, काढा तिच्यासोबत नको. काढ्यातल्या सगळ्या वनस्पतींची यादी तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि मगच सुरू ठेवा. घास अडकू लागला, गिळताना दुखलं, वजन उतरलं किंवा आवाज बसला तर थांबू नका, लगेच दाखवा. आणि शोकासाठी समुपदेशकाकडे जाण्यात संकोच करू नका.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. लिव्हरची धास्ती गेली. यादी वैद्यांकडून लिहून घेतलीय, शुक्रवारी डॉक्टरांची वेळ आहे, तोवर काढा बंद. काल आईला फोन केला, पहिल्यांदाच दोघी बाबांबद्दल बोललो. आवंढा अजून आहे. शुक्रवारनंतर इथेच लिहीन.